अजमानच्या वाळूतले पेंग्विन

आखातातून परत आलेल्या माणसाला रत्नागिरीत दोनच गोष्टी विचारतात. तिकडे सोनं खरंच स्वस्त आहे का, आणि उंट चावतो का. सोनं आम्ही पाहिलं नाही. उंट पाहिले, ते चावले नाहीत. चावले ते पेंग्विन. एवढं सांगितलं की विचारणारा चहाचा कप खाली ठेवून आमच्या ह्यांच्याकडे बघतो आणि हे मुकाट्यानं उजवा अंगठा पुढे करतात. त्यावर अजून वण आहे. दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच लिहून काढते.

माझे यजमान सरकारी कुक्कुटपालन केंद्रात डॉक्टर आहेत. कोंबड्यांचे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. करीमभाई हे ह्यांचे शाळासोबती, सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे ते दुबईला गेले आणि तिथं त्यांनी बर्फाचा कारखाना काढला. बंदराबाहेर उभ्या राहणाऱ्या बोटींना बर्फ, भाजी, मटण पुरवायचं हा त्यांचा धंदा. त्यांची तार आली ती अशी: तीन मोठे पक्षी आजारी, ताबडतोब ये, वहिनींनाही आण.

"टर्की असणार," हे म्हणाले. "तिकडचे शेख शौकीन असतात."

त्यांनी राणीखेत रोगाच्या लशीच्या कुप्या थर्मासमध्ये भरल्या. मी नाताळच्या सुटीला जोडून रजा काढली आणि कैरीच्या लोणच्याची बरणी बांधून घेतली.

देरा

मुंबईहून निघालेली आगबोट दुबईला धक्क्याला लागत नाही. ती बाहेर समुद्रातच थांबते आणि पडाव येऊन माणसं, ट्रंका, बकऱ्या असं सगळं एकत्र खाडीत घेऊन जातात. ह्या मुलखाला एक असं नाव नाही. दुबई, शारजा, अजमान, रास अल खैमा अशी एकेका शेखांची वेगवेगळी राज्यं आहेत, आपल्याकडे पूर्वी संस्थानं होती तशी. आपली माणसं सगळ्याला मिळून दुबईच म्हणतात. खाडीच्या दोन्ही काठांना उंच चौकोनी बुरूज असलेली घरं दिसतात. ते बुरूज तोफांसाठी नसून वाऱ्यासाठी आहेत, हे मला करीमभाईंनी सांगितलं. वरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा. आपल्याकडे आपण वाऱ्याला दारं-खिडक्या लावून बाहेर ठेवतो, ही माणसं त्याला धरून घरात आणतात.

करीमभाई उतारूंच्या गर्दीत आम्हाला शोधत आले. पांढरा झगा, त्यावर इंग्रजी कोट. ह्यांनी तिथंच विचारलं, "काय होतंय पक्ष्यांना? हगवण?"

"बाळ्या, इथं बोलू नको," करीमभाई हळूच म्हणाले. "मॅटर कॉन्फिडेन्शियल आहे."

चारचौघांत ते ह्यांना 'डॉक्टरसाहेब, तुम्ही' म्हणत आणि आवाज खाली आणला की 'बाळ्या, तू' म्हणत.

रमजानचे शेवटचे दिवस होते. खाडीच्या देरा नावाच्या काठावर करीमभाईंचं घर. तिथं त्यांच्या बेगम मरियमबी यांनी स्वतः तोंडात पाणी न घेता आम्हाला घावन आणि माशाचं सालन वाढलं. मला घास गिळवेना, तर त्या म्हणाल्या, "खावा वहिनी, लाजू नका. ह्या घरात दिवसा जेवणारे तुम्ही एकटेच नाय. ते तिघं पण जेवतात. म्हणजे जेवायला हवेत, पण जेवत नाहीत, तोच तर सगळा घोर लागलाय."

मग आम्हाला मागच्या अंगणातल्या बर्फखान्यात नेलं. जाड लाकडी दार उघडल्यावर आतून गार वाफ आली. बर्फाच्या लाद्यांच्या मधल्या बोळात दोन पेंग्विन उभे होते आणि एक आडवा पडला होता. मी पेंग्विन चित्रातच पाहिले होते, पण चित्रात ते स्वच्छ असतात. ह्या तिघांच्या छातीपोटावर डांबरासारखं काळं तेल थापलं होतं आणि पिसं चिकटून तारांसारखी उभी राहिली होती. दोघं एकमेकांना टेकून थरथरत होते.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "करीम, ही टर्की नाहीत."

"टर्की कोण म्हणालं?"

हकिगत अशी होती. करीमभाईंचा भाचा युसूफ एका तेलाच्या टँकरवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी आहे. ती बोट इथल्या आखातातून तेल भरते, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊनला नेऊन ओतते आणि रिकामी परत येते. सुएझचा कालवा बंद पडल्यापासून युरोपच्या बोटीही त्याच वाटेनं जायला लागल्यात, त्यामुळे तिथल्या पाण्यावर जागोजागी तेलाचा तवंग असतो. केपच्या बंदरात एका कोळ्याच्या होडीत युसूफनं ही तेलानं माखलेली पाखरं पाहिली. कोळी म्हणाला, ही आता जगत नाहीत. युसूफला दया आली. त्यानं कांद्याच्या खोक्यात घालून तिघांना वर घेतलं, कप्तानाला सांगितलं की बदकं आहेत, आणि दुबईबाहेर रसद घ्यायला बोट थांबली तेव्हा मामाच्या होडीत उतरवून दिली. मामाकडे बर्फ आहे, म्हणजे पाखरं जगतील, असा त्यानं हिशेब केला.

"वहिनी, आयडिया करेक्ट होती की नाही?" करीमभाईंनी मला विचारलं. "पेंग्विनला बर्फ लागतो. माझ्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर फोटो आहे. पेंग्विन, खाली बर्फ, वर बर्फ."

मी थरथरणाऱ्या त्या दोघांकडे पाहिलं. "केपटाऊनला बर्फ पडत नाही, करीमभाई. तिथं द्राक्षं पिकतात. सहावीच्या पुस्तकात आहे, केप प्रांत, द्राक्षं आणि संत्री. जिथं द्राक्षं पिकतात तिथला पक्षी लादीवर कशाला बसेल?"

"पण पेंग्विन आहे ना हा?"

"माणसं सैबेरियातही राहतात. म्हणून तुम्हाला बर्फखान्यात झोपवायचं का?"

ह्यांनी आडव्या पक्ष्याजवळ बसून त्याच्या छातीवर हात ठेवला. आम्ही त्याला बाहेर उन्हात आणलं, गोणपाटात गुंडाळलं. रोजा सोडायची बांग झाली तेव्हा तो गेला. घरातले सगळे खजूर हातात घेऊन थांबले होते, कुणी तोंडात घालेना. शेवटी मरियमबींनी खूण केली. ह्यांच्या हाताखालून आजवर हजारो कोंबड्या गेल्या असतील, त्यांच्याबद्दल हे घरी अवाक्षर काढत नाहीत. त्या संध्याकाळी मात्र हे पानावरून उठून वारा येतो त्या बुरुजाखाली जाऊन बसले.

"बाळ्या, अजून एक सांगायचंय," करीमभाई त्यांच्या मागोमाग गेले. "मी इन्व्हिटेशन देऊन बसलोय. ईदच्या दुसऱ्या दिवशी. शेखांच्या दिवाणातले एक बुजुर्ग येणारेत, बर्फाचे पक्षी बघायला."

"बर्फाचे पक्षी," हे म्हणाले.

"असंच सांगितलंय मी त्यांना."

अजमान

दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षी अजमानला हलवायचं ठरलं. तिथं अगदी समुद्रालगत करीमभाईंची मासे साठवायची जागा आहे. एक दगडी खोली, पुढे खजुरीच्या झावळ्यांचा मांडव आणि वाळूत उपडी घातलेली एक जुनी होडी. लँडरोव्हर शारजाच्या पुढे खारवट चिखलात रुतली. वरून कोरडी, पांढरी, टणक दिसणारी ती जमीन पापडासारखी फुटते आणि खाली नुसता चिखल. आम्ही सगळे उतरलो, खोकं खाली ठेवलं आणि गाडी ढकलायला लागलो. तेवढ्यात उंट घेऊन चाललेले दोघे जण थांबले. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि काही न विचारता उंट गाडीला जुंपला. गाडी निघाल्यावर त्यांतला एक करीमभाईंना अरबीत काही बोलला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, एवढ्या छोट्या माणसांना खोक्यात कोंडलं, हे बरं नाही."

अजमानला मरियमबीही आमच्याबरोबर आल्या, कारण पाखरांना न्हाऊ घालायचं होतं आणि ते काम पुरुषांना जमणार नाही अशी त्यांची खात्री होती. डांबर पाण्यानं जात नाही, आधी तेलानं सुटं करायचं आणि मग तेल काढायचं, हे कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याच्या घरात माहीत असतं. त्यांनी खोबरेल आणलं, रिठे रात्रभर भिजवले, आणि पाटावर बसून पाय लांब करून पेंग्विन पायांवर आडवा घेतला, अगदी तान्ह्या पोराला घेतात तसा. हे त्याची चोच धरायला गेले. पेंग्विनच्या चोचीला टोकाशी आकडा असतो आणि कडा पात्यासारख्या असतात. अंगठ्याची गोष्ट तिथली.

"डॉक्टर, तुम्ही बाजूला व्हा," मरियमबी म्हणाल्या. "त्याला अनोळखी हात नको वाटतो."

गोडं पाणी गाढवांवर लादून येत असे, आणि वाडीवरच्या बायका ते जपून वापरत. ह्या परदेशी पाहुण्यांच्या आंघोळीला किती पाणी जातं याची चर्चा दोन दिवसांत साऱ्या अजमानात पसरली. पण पोटं पांढरी निघाली. एकाच्या छातीवर काळ्या पट्ट्याखाली तीळ होते, दुसऱ्याच्या नव्हते. मरियमबींनी तिळाच्या पक्ष्याला नवरी ठरवलं, दुसऱ्याला नवरा. खरं काय ते ह्यांनाही सांगता येईना.

खाण्याची कथा वेगळीच. करीमभाईंनी सुरमई आणली होती, चांगली ताजी, तुकडे करून. पेंग्विननी पाठ फिरवली. हलवा मासा आणला, त्यालाही पाठ. सुरमईला पाठ दाखवणारा प्राणी रत्नागिरीच्या माणसानं जन्मात पाहिला नसेल. मग शेजारच्या कोळ्यानं वाळत घातलेल्या ढिगाकडे त्यांची मान वळली. ती तारली होती. आपण जी नारळाच्या मुळाशी खत म्हणून घालतो आणि इथं वाळवून उंटांना चारतात, ती. ताजी तारली अख्खी, डोक्याकडून दिली की गटकन आत. तुकडा चालत नाही, शेपटीकडून चालत नाही. दोघं मिळून टोपली संपवायला लागले.

दोन दिवसांनी शेजारचा कोळी सालेम दारात येऊन उभा राहिला. उंच, वाळलेला, दाढीला मेंदी लावलेला माणूस. त्याचं म्हणणं होतं की आम्ही त्याच्या गाढवीचं शिंगरू पळवून आणून खोलीत कोंडलं आहे. पहाटे त्यानं ओरडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

करीमभाईंनी अल्लाची शपथ घेतली. सालेमनं मान हलवली. नेमकी त्याच वेळी उपड्या होडीखालून नवऱ्यानं मान वर करून, छाती फुगवून सूर लावला. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगूनही पटणार नाही. हुबेहूब गाढव. आत ओढलेला श्वास, बाहेर टाकलेला हेल, शेवटची कुथणी, सगळं. सालेमच्या दारातून गाढवीनं उत्तर दिलं. मग नवरीनं सुरुवात केली.

सालेम वाकला आणि होडीखाली बघत बसला. बऱ्याच वेळानं उठून कपड्यांची वाळू झटकत म्हणाला, "खलास." म्हणजे आपलं म्हणणं त्यानं मागे घेतलं. त्या दिवसापासून तारली तोच आणून देऊ लागला. त्याची गाढवी मात्र दावं तोडून आमच्या मांडवाशी येऊन उभी राहायची आणि तिला परत न्यायला रोज दोन माणसं लागायची.

ईदचे पाहुणे

ईदच्या दिवशी पक्ष्यांनी खाणं बंद केलं. सकाळी होडीखाली मूठभर पिसं पडलेली दिसली. दुपारी दोन मुठी. संध्याकाळी नवरीच्या पाठीला हात लावला तर पुंजका हातातच आला. मरियमबी रडकुंडीला आल्या. "रिठ्यानं झालं," त्या म्हणाल्या. "मीच जास्त चोळलं. माझ्या हातानं झालं हे."

हे कंदील घेऊन होडीखाली पोटावर पालथे पडले. तिथून त्यांचा आवाज आला, "वहिनी, रडू नका. खाली नवीन पिसं आहेत."

"म्हणजे?"

"कोंबडी वर्षातून एकदा पिसं टाकते. तेव्हा अंडी बंद, खाणं कमी, कुणी हात लावलेला खपत नाही. हे तेच आहे. फक्त कोंबडी थोडी थोडी टाकते, ह्यांनी सगळी दुकानदारी एकदम बंद केलीये." ते बाहेर आले. तोंडाला वाळू, केसांत पिसं. इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "म्हणून तर एवढं खाल्लं आधी. तेलानं खराब झालेली पिसं आपोआप जातील. आपण फक्त त्यांना पाण्यात जाऊ द्यायचं नाही आणि त्रास द्यायचा नाही."

"उद्या पाहुणे येणार आहेत," करीमभाई म्हणाले.

ह्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. करीमभाईंनी आवाज उतरवला. "बाळ्या, एक तास. लादीवर उभे करू. फक्त एक तास. इज्जतीचा सवाल आहे."

"करीम, अंगावर पीस नसलेल्या पक्ष्याला मी बर्फावर उभं करणार नाही. तू स्वतः उभा राहा."

दोघांचं बोलणं बंद झालं. सातवीत असंच एकदा झालं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाईंचा ट्रक बर्फाच्या लाद्या घेऊन आला. त्यांनी मांडवात गालिचा घातला, मधोमध लाद्या रचल्या, आणि पक्षी मनानं येऊन उभे राहतील अशी आशा केली. पाहुणे आले, सोबत सात-आठ माणसं. बुजुर्ग फार वयस्कर होते, हातात काठी, डोळ्यांत सुरमा. सगळे गालिच्यावर बसले. कॉफीचे छोटे पेले फिरले, हलवा फिरला.

मग होडीखालून नवरा बाहेर आला. अर्धी पिसं गळलेली, डोक्यावर एक तुरा उरलेला, मानेपासून पोटापर्यंत फाटक्या उशीसारखा. त्याच्यामागे नवरी, तिची अवस्था त्याहून वाईट. दोघं डुलत डुलत लाद्यांपर्यंत आले. करीमभाईंनी श्वास रोखला. नवऱ्यानं लादीकडे एका डोळ्यानं पाहिलं, मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, तिच्याकडे पाठ केली आणि गालिच्यावर मागच्या बाजूनं लांब पिचकारी मारली. ती नेमकी हलव्याच्या ताटाच्या अलीकडे पडली. नंतर दोघं उन्हात जाऊन तापलेल्या वाळूवर पंख पसरून, चोच उघडी टाकून उभे राहिले.

बुजुर्गांनी अरबीत एक प्रश्न विचारला. करीमभाईंनी खाली बघत उत्तर दिलं. त्यांनी दुसरा विचारला. मग करीमभाई माझ्याकडे वळले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "विचारतायत, ह्यांचं गाव कुठलं. मी सांगितलं, आफ्रिका. मग विचारतायत, तिथं बर्फ आहे का."

"सांगा, द्राक्षं आहेत," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. बुजुर्गांनी काठी बाजूला ठेवली, चपला काढल्या, आणि आपली दोन्ही अनवाणी पावलं लादीवर टेकवली. डोळे मिटून घेतले. त्यांची माणसं एकमेकांकडे बघत राहिली, मग एकानं पाय पुढे केले, मग दुसऱ्यानं. थोड्या वेळानं सगळे मोठे लोक बर्फावर पाय ठेवून ओळीनं बसले होते आणि दोन पेंग्विन उन्हात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

जाताना बुजुर्गांनी करीमभाईंचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि काही सांगितलं. गाडी गेल्यावर करीमभाई ह्यांच्याजवळ येऊन बसले.

"म्हणाले, पाहुणा बरा झाला की त्याला घरी पोचवणं हे यजमानाचं काम. युसूफची बोट येईल तेव्हा पाठवू म्हणालो. इन्शाल्ला."

"आणि पुन्हा कुणाला बर्फाचे पक्षी बघायला बोलवायचं नाही?" हे म्हणाले.

"खलास, बाळ्या. पुन्हा नाव काढू नको."

सालेमचं कुंपण

पुढचे दिवस त्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून काढले, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. आम्ही तोवर फिरून आलो. रास अल खैमाला डोंगर आणि खजुरीच्या बागा पाहिल्या. दुबईच्या खाडीच्या शेवटाला रास अल खोरच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा पाहिला. पण हे प्रत्येक ठिकाणी "चला आता" म्हणायचे. त्यांना अजमानच्या दोन पक्ष्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

नवीन पिसं आली ती दाट, निळसर काळी, चकचकीत. पाणी टाकलं की ओघळून जायचं. पण मोकळ्या समुद्रात सोडायची कुणाची छाती होईना. सालेम म्हणाला, माझ्या कुंपणात सोडा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात खजुरीचे दांडे रोवून ते लोक मोठं कुंपण करतात. भरतीला मासे आत येतात आणि ओहोटीला अडकतात. आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिलो. मरियमबींनी नवरीला पाण्यात ठेवलं.

वाळूवर जो पक्षी दर चार पावलांना अडखळत होता, तो पाण्याखाली दिसेनासा झाला. एक काळी रेघ इकडून तिकडे गेली, वळली, परत आली. मागून दुसरी. आम्ही बोट दाखवेपर्यंत ती तिथं नसायची. हे तोंड उघडं ठेवून बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "कोंबड्यांना असं काही येत नाही गं."

ओहोटीला सालेम टोपली घेऊन कुंपणात गेला. आत एकही मासा नव्हता. दोन पेंग्विन होते, गोल झालेले. त्यानं रिकाम्या टोपलीत बघितलं, मग आमच्याकडे. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. तक्रार त्यानं केली नाही, फक्त रोज करीमभाईंना विचारायचा, बोट कधी येणार आहे.

खाडीबाहेर

बोट आली तेव्हा तेल भरून, पाण्यात खोल बसलेली होती. आम्ही करीमभाईंच्या रसदीच्या होडीतून गेलो. भाजी, मटण, तारलीची खोकी आणि कांद्याच्या खोक्यात पेंग्विन. त्या बोटीची काळी भिंत जवळून पाहिली तेव्हा मी खोक्यावर हात ठेवला. ह्या दोघांना ज्यानं मारलं असतं तेच त्या पोटात भरलेलं होतं, आणि त्यांना घरी न्यायला दुसरी वाट नव्हती. मी हे ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "माहीत आहे मला. तू खोकं नीट धर."

डेकवर उभा असलेला कप्तान ग्रीक होता. युसूफ त्याच्या मागे उभा होता, हडकुळा, एप्रन घातलेला, आणि मामाला नजरेनं खुणावत होता की फार बोलू नका. कप्तान हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात म्हणाला, "बदक?"

"येस कॅप्टन," करीमभाई म्हणाले.

"मागच्या खेपेला मी रविवारी बदकाची वाट बघत टेबलावर बसलो होतो. भंडारीनं मला अंड्याची आमटी दिली. म्हणाला, बदक पळालं. समुद्रात." त्यानं खोक्यात डोकावलं. "हे बदक नाही. मी केपला हे रोज बघतो. जनावरं मी नेत नाही."

"जनावर नाही साहेब, पॅसेंजर," करीमभाई म्हणाले. "खाणं त्यांचं त्यांच्याबरोबर आहे. माझा बर्फ आहे, तारली आहे. तुम्हाला काही तोशीस नाही."

कप्तान मान हलवत राहिला. मग मरियमबी पुढे झाल्या. त्या होडीतून दोराच्या शिडीनं वर आल्या होत्या, बुरखा सावरत, आणि आयुष्यात कधी गोऱ्या साहेबाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी नवरीला खोक्यातून उचलून कप्तानाच्या हातांत दिलं आणि आपल्या कोकणीत म्हणाल्या, "धर बाबा. पोरगी सासरी चाललीये आमची."

कप्तानाला शब्द कळला नाही. हातात पक्षी आल्यावर माणूस आपोआप त्याला छातीशी धरतो, तसं त्यानंही धरलं. आम्ही सगळे त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. ती चावली नाही. तिनं त्याच्या शर्टाच्या बटणाशी चोच लावली आणि स्वस्थ राहिली. त्यानं दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. मग युसूफला म्हणाला, "रविवारी बदक पाहिजे मला. खरं बदक."

"येस सर," युसूफ म्हणाला.

आम्ही खाली होडीत उतरलो. मरियमबी किनारा येईपर्यंत बोटीकडे पाठ करून बसल्या होत्या.

रत्नागिरी

ह्या वैशाखात युसूफ सुटीवर घरी आला आणि आमच्याकडे ओटीवर येऊन बसला. हे त्याच्यासाठी केंद्रातून लवकर घरी आले.

पंधरवडाभर पाखरं ठीक होती, त्यानं सांगितलं. कप्तान रोज स्वतः तारली घालायचा आणि बाकी कुणाला हात लावू द्यायचा नाही. केपला पोचल्यावर तोच मागचा कोळी होडी घेऊन आला. तिथल्या किनाऱ्यालगत एक बेट आहे, तिथं ह्या पाखरांची वस्ती आहे. कोळ्यानं युसूफला सांगितलं की त्याच्या आज्याच्या काळी ते बेट पाखरांनी काळं दिसायचं. आधी माणसांनी टोपल्या भरभरून अंडी खाल्ली. मग पाखरांच्या विष्ठेचा थर खत म्हणून खरवडून नेला, त्यातच ती बिळं करून राहायची, तर बिळंही गेली. आता तेल. तरी अजून आहेत, हजारांनी आहेत.

"तू गेलास का बेटावर?" मी विचारलं.

"नाय मॅडम. आम्हाला तिकडे उतरू देत नाहीत. काळ्यांची जागा वेगळी, गोऱ्यांची वेगळी, आम्ही कशातच बसत नाय. पाखरं अर्धी काळी, अर्धी गोरी, त्यांना कुणी अडवलं नाय. कप्तानानं आपली दुर्बीण दिली मला. मी डेकवरून बघत होतो."

"मग?" हे म्हणाले.

"कोळ्यानं खोकं उघडलं. दोघं खाली उतरले. थोडा वेळ तिथंच उभे. मग चालत गेले वर, बाकीची उभी होती तिकडे. एकदा पण मागं बघितलं नाय."

"नंतर कुठे गेले? कुठल्या बाजूला राहिले?"

"ते कसं सांगू, डॉक्टर. आत शिरल्यावर ओळखायलाच येईनात. सगळी सारखी. मी दुर्बीण फिरवून फिरवून बघितलं, डोळ्यांना पाणी आलं. आमचे कुठले आणि त्यांचे कुठले, काय पत्ता नाय."

"मग नीट पोचले की नाही, हे तुला कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

युसूफनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ओळखायला येत नाहीत, म्हणजे पोचलेच ना."